फिरता पत्ता आणि घरचा मेल सर्व्हर

भवानी पेठेतील फर्निचरवाले असोत की कॅम्पातील कपडेवाले, आता दरपत्रक आणि बिल ई-मेलनेही जाते. काही व्यापारी बंधू आम्हाला विचारतात की, जुन्या संगणकावर घरीच मेल सर्व्हर चालवला तर? विचार चांगला आहे. पण अडचण कोठे आहे ते आधी समजून घ्यावे.

घरगुती जोडणीला मिळणारा आयपी पत्ता बहुधा कायमचा नसतो. राउटर बंद होऊन चालू झाला की पुष्कळदा तो बदलतो. आज भवानी पेठेत, उद्या घोरपडे पेठेत राहणाऱ्या भाडेकरूसारखी ही गत! पोस्टमनने पत्र द्यायचे कोठे? यावर डायनॅमिक डीएनएस हा उपाय आहे. पत्ता बदलताच तो आपल्या नावापुढे नवा पत्ता नोंदवतो.

घरातला पत्ता मात्र पक्का हवा. राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाला १९२.१६८.१.१० असा कायम पत्ता द्यावा. एक कार्ड पुरते. बाहेरचा पत्ता सर्व्हरमध्ये लिहू नये. तो राउटरपाशी असतो. मग राउटरमधून २५ क्रमांकाचा पोर्ट सर्व्हरकडे वळवावा. राउटरवरचा बाहेरचा पत्ता १० ने किंवा १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल, तर कंपनीने एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. तेथे टपाल आत येणार नाही.

खरा धोका पत्र पाठवताना आहे. घेणारा सर्व्हर विचारतो, या आकड्याचे नाव काय? ही उलटी नोंद इंटरनेट कंपनीच्या हाती असते. जीमेलने तर फेब्रुवारी २०२४ पासून ती आवश्यक केली आहे. शिवाय फिरत्या पत्त्यांच्या याद्या स्पॅमहाउससारख्या संस्था ठेवतात. परिणामी आपले दरपत्रक परत येते किंवा स्पॅममध्ये पडते, आणि गिऱ्हाईक समजते की आपण उत्तरच दिले नाही. म्हणून जावक टपाल कायम पत्ता असलेल्या रिले सेवेकडे, ५८७ पोर्टवरून, पासवर्डसह सोपवावे.

आणखी एक सावधगिरी. काही राउटर बाहेरच्या पाहुण्यालाही आपलाच आतला पत्ता चिकटवून पाठवतात. अशा वेळी सर्व्हरने "घरातले सगळे विश्वासाचे" असे धरले, तर परक्यांची फसवी पत्रे आपल्या नावाने जाऊ लागतात. विश्वास फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्या यंत्रावरच ठेवावा; बाकी सर्वांना पासवर्ड विचारावा.

भाडे वाचवताना बाजारातली पत जाऊ नये, एवढेच आमचे सांगणे.