पहिल्या पानाची लेखी हमी

नवीन डोमेन घेतलं की आठवडाभरात फोन सुरू होतात. 'सर, तीन महिन्यांत गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो, लेखी हमी.' काही जण तर 'गूगलमधूनच बोलतोय' असंही बेधडक सांगतात. अशी हमी कोणालाही देता येत नाही, हे खुद्द गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलं आहे. पैसे घेऊन नेहमीच्या निकालांतला क्रमांक वर नेला जात नाही. जाहिरात हा वेगळा मामला. ती वर दिसते, तिच्यावर तसा शिक्काही असतो आणि पैसे थांबले की तीही थांबते. जाहिरातीवर लाखभर रुपये ओतले तरी खालच्या निकालांत साइट एका पायरीनेही वर सरकत नाही.

मग हमीवाले 'आणून दाखवलं' म्हणतात ते काय? बहुतेक वेळा ते दुकानाचं पूर्ण नाव टाकून दाखवतात. त्या नावाचं दुसरं दुकानच नसेल तर आपलं पहिलं येणारच. त्यात कसब कसलं? आपलं नाव ज्याला ठाऊक नाही अशा गिऱ्हाइकाने शोधल्यावर आपण दिसतो का, हा खरा प्रश्न आहे.

साइट शेकडो सर्च इंजिनांत 'सबमिट' करावी लागते, हा दुसरा समज. ही सेवा आजही पैसे घेऊन विकली जाते आणि ती निरुपयोगी आहे. गूगल आणि बिंग लिंकांवरून फिरत नवी पानं स्वतःच शोधतात. आपण फार तर गूगल सर्च कन्सोल या मोफत सेवेत साइट जोडून साइटमॅप, म्हणजे पानांच्या पत्त्यांची यादी, द्यावा. शोध लवकर लागायला त्याची मदत होते, क्रमांक मात्र त्याने वाढत नाही.

नवी साइट अजिबातच दिसत नसेल तर कारण पुष्कळदा अगदी क्षुल्लक निघतं. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' या पानावर तळाशी एक चौकोन असतो. त्यावर टिक केली की 'या साइटची नोंद घेऊ नका' अशी सूचना सर्च इंजिनांना जाते. काम चालू असताना डेव्हलपर ती टिक करतो. त्यात गैर काहीच नाही, पण साइट सुरू करताना ती काढायची राहून जाते. मालक मात्र महिनोन्महिने 'कीवर्ड कमी पडले' म्हणून हळहळत बसतो. सर्च कन्सोलमध्ये आपल्या पानाचा पत्ता टाकून तपासलं तर हे दोन मिनिटांत कळतं.

कीवर्डबद्दलचा समज सर्वांत चिवट. पानाच्या कोडमध्ये शब्दांची यादी भरायचा एक टॅग असतो. क्रमवारीसाठी आपण तो पाहतच नाही, असं गूगलने सप्टेंबर 2009 मध्येच जाहीर केलं. तरीही तो भरून देण्याचे पैसे घेतले जातात. देवगडच्या एखाद्या बागायतदाराची साइट घ्या. 'अस्सल देवगड हापूस, उत्तम देवगड हापूस, स्वस्त देवगड हापूस' असं पानभर घोळवून काही साधत नाही. उलट असा भरणा गूगलच्या नियमांत स्पॅम ठरतो. पुण्यात बसलेल्या गिऱ्हाइकाचे प्रश्न वेगळेच असतात. पेटीत किती डझन? फळ किती ग्रॅमचं? कार्बाइड न वापरता पिकवलंय ना? पुण्याला किती दिवसांत पोचेल? डागी निघालं तर बदलून मिळेल का? 2018 मध्ये हापूसला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाखाली तुमची बाग नोंदलेली आहे का? यांची सरळ उत्तरं, बागेचे स्वतः काढलेले फोटो आणि यंदाचा भाव ज्या पानावर आहे, ते पान शोधायच्या लायकीचं. असं पान 300 शब्दांतही होतं. हजार शब्दांशिवाय क्रमांक मिळत नाही, हीसुद्धा अफवाच.

'मराठीत साइट केली तर गूगलवर येत नाही' ही तक्रार मात्र अगदीच हवेतली नाही. दोष भाषेचा नसून टायपिंगचा असतो. छपाईच्या कामासाठी आपल्याकडे वर्षानुवर्षं जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट वापरले गेले. त्यांत डोळ्यांना देवनागरी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते. पत्रकाची फाइल तशीच साइटवर चढवली की सर्च इंजिनला ती खिचडीच मिळते. परीक्षा सोपी आहे. आपल्या पानावरची एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर पेस्ट करा. मराठी उमटली तर ठीक, अगम्य चिन्हं आली तर सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. ओळ कॉपीच होत नसेल तर डिझायनरने मजकुराचं चित्र करून टाकलंय. फ्लेक्सला ते चालतं, वेबसाइटला नाही. इंग्रजीही हवी असेल तर तिला वेगळ्या पत्त्यावर स्वतंत्र पान द्या. एकाच पत्त्यावर बटण दाबून भाषा बदलणारी पानं दिसायला झकास असतात, पण त्यातली एक भाषा सर्च इंजिनच्या नजरेतून सुटू शकते.

दुसऱ्या साइट्सवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंकांचं महत्त्व मात्र खरं आहे. 1998 मध्ये गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी मांडलेली पेजरँकची कल्पनाच त्यावर उभी होती. पण त्यातून 'हजार रुपयांत पाचशे बॅकलिंक' हा धंदा उभा राहिला, आणि एप्रिल 2012 मधल्या गूगलच्या 'पेंग्विन' बदलाने अशा लिंका घेणाऱ्या साइट्सना दणका दिला. विकतच्या लिंका आजही नियमबाह्यच आहेत. एआयने लिहिलेला मजकूर गूगल सरसकट नाकारतं, हेही खोटं. मात्र क्रमांकासाठी शेकडो पोकळ पानं पाडत सुटणं मार्च 2024 पासूनच्या धोरणानुसार स्पॅम आहे, मग ती माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने.

आणि साइट तपासायची ती मोबाइलवर. 1 जुलै 2019 पासून नव्या साइट्सची मोबाइलवरची आवृत्तीच गूगल आधी वाचतं. ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनवर पाहून बिल चुकतं करू नका.

राहता राहिला वेळ. सुधारणांचा परिणाम दिसायला चार महिने ते वर्ष लागतं, असं गूगलच सांगतं. म्हणजे हापूसची साइट मार्चमध्ये सुरू करून त्याच हंगामात शोधातून गिऱ्हाईक येईल ही आशा सोडा. साइट आदल्या गणपतीच्या सुमाराला तरी उभी हवी. काम कोणालाही द्या, पण डोमेन, होस्टिंग आणि सर्च कन्सोल या तिन्हींची मालकी स्वतःच्या ईमेलवर ठेवा. एजन्सीला फक्त वापराची परवानगी द्या, म्हणजे उद्या ती बदलली तरी साइट तुमच्याच हातात राहील.