डीपीटी : पीएचडी नसलेली ही 'डॉक्टरेट' नेमकी काय आहे?

अमेरिकेत नव्याने फिजिओथेरपिस्ट व्हायचं असेल, तर डॉक्टरेट करावीच लागते. तिथे या पदवीला डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी, म्हणजे डीपीटी म्हणतात. नाव ऐकून पीएचडी आठवते, पण इथे प्रबंधावर पदवी मिळत नाही. एमबीबीएससारखीच ही रुग्णांवर उपचार करायला शिकवणारी व्यावसायिक पदवी आहे.

एकेकाळी तिथेही बॅचलर पदवीवर काम करता यायचं, पुढे मास्टर्स आलं. १९९३ मध्ये नेब्रास्का राज्यातल्या क्रेटन विद्यापीठाने थेट डीपीटीचा अभ्यासक्रम सुरू केला. अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या 'कॅप्टे' या संस्थेने २०१५ च्या अखेरपर्यंतची मुदत दिली आणि तेव्हापासून सगळीकडे डीपीटीच आहे.

एवढं शिकायचं कशासाठी?

अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत, कमी-अधिक अटींसह, रुग्ण डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेट फिजिओथेरपिस्टकडे जाऊ शकतो. सोय मोठी, पण जोखीमही तशीच. कंबर धरली म्हणून आलेल्या माणसाचं दुखणं स्नायूंचंच असेल असं नाही. मणक्यात फ्रॅक्चर असू शकतं, जंतुसंसर्ग किंवा कर्करोगही असू शकतो. रात्री झोपू न देणारी वेदना, कारणाशिवाय घटलेलं वजन, लघवीवरचा सुटलेला ताबा ही लक्षणं ओळखून रुग्णाला वेळेत डॉक्टरकडे पाठवणं, हे आता थेरपिस्टचं काम आहे. व्यायाम शिकवण्याइतकंच हे 'आपलं काम नाही' हे ओळखणंही अभ्यासक्रमात येतं.

बॅचलर पदवीनंतर साधारण तीन वर्षं लागतात. पदवी कोणत्याही विषयातली चालते, मात्र शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र असे विषय आधी झालेले लागतात. शिवाय किमान ३० आठवडे पूर्णवेळ रुग्णांसोबत काम करावं लागतं. शेवटी एनपीटीई ही राष्ट्रीय परीक्षा. ती २०० ते ८०० गुणांच्या मोजपट्टीवर असते आणि उत्तीर्ण व्हायला ६०० लागतात. लायसन्स मात्र ज्या त्या राज्याचं.

मग अडचण कुठे आहे?

पैशांत. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टच्या राष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या अहवालात, शिक्षण संपवून बाहेर पडलेल्या कर्जदारांवर गृहकर्ज वगळता सरासरी दीड लाख डॉलरचं कर्ज दिसलं. या व्यवसायातलं मध्यम वार्षिक वेतन एक लाख डॉलरच्या आसपास आहे. वैद्यकीय डॉक्टरच्या तुलनेत हे गणित बरंच घट्ट बसतं.

त्यात २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांच्या सरकारी कर्जावर मर्यादा घातली. 'व्यावसायिक' पदवीला वर्षाला ५० हजार डॉलर, इतर पदव्युत्तर शिक्षणाला २०,५०० डॉलर. शिक्षण खात्याच्या समितीने नोव्हेंबर २०२५ मध्ये ठरवलेल्या मसुद्यात वैद्यक, दंतवैद्यक, कायदा, अगदी कायरोप्रॅक्टिकही 'व्यावसायिक' ठरलं. फिजिकल थेरपी नाही! म्हणजे व्यवसाय करायला डॉक्टरेट सक्तीची, पण कर्जाच्या फॉर्मवर ती व्यावसायिक पदवी नाही. खासगी कर्ज महाग पडतं आणि ते सगळ्यांना मिळतंच असं नाही.

महाराष्ट्रातल्या बीपीटीधारकांचं काय?

साडेचार वर्षांची बीपीटी करून अमेरिकेला जाऊ पाहणाऱ्यांना पहिल्या वर्षापासून डीपीटी करण्याची सक्ती नाही. आधी त्यांच्या शिक्षणाची तिथल्या अभ्यासक्रमाशी तुलना होते. हे मूल्यमापन एफसीसीपीटीसारख्या संस्था करतात. कमी पडलेले विषय पूर्ण केल्यावर एनपीटीई देता येते. आधीच पात्र असलेल्यांसाठी 'ट्रान्झिशनल डीपीटी' नावाचा छोटा अभ्यासक्रमही आहे. पण तो पूर्ण केला की लायसन्स आपोआप मिळतं, हा समज चुकीचा. मूल्यमापन आणि परीक्षा यांतून सुटका नाही. म्हणून फी भरण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: आपल्या गुणपत्रिकांत नेमके कोणते विषय कमी आहेत, आणि घेत असलेला अभ्यासक्रम तेच विषय भरून काढतो का.