शिक्षणाचा व्हिसा आणि घरची जमीन

सातारा-सांगलीकडील विद्यार्थी अमेरिकेंत शिक्षण संपल्यावर गुंतवणूकदार म्हणून कायम राहूं इच्छितो, तेव्हां प्रश्न घरच्या जमिनीपर्यंत येतो. 'ईबी-५' या वर्गासाठीं २०२२ च्या कायद्यानें ग्रामीण वा बेकारीग्रस्त भागांत किमान ८ लक्ष डॉलर ठरविले. त्यांतून १० पूर्ण वेळ नोकऱ्या निर्माण व्हाव्या लागतात. पैसा सचोटीचा असल्याचें दाखविण्यास सातबारा, नोंदलेलें खरेदीखत व प्राप्तिकराचीं विवरणपत्रें उपयोगी पडतात. रिझर्व्ह बँकेनें २०१५ मध्यें माणशीं वार्षिक मर्यादा २॥ लक्ष डॉलर केली. तेव्हां एकट्याच्या नांवें ही रक्कम पाठविण्यास चार आर्थिक वर्षें लागतात. मुख्य अट निराळीच: पैसा जोखमींत असलाच पाहिजे, परतफेडीची हमी घेतां येत नाहीं. अर्ज नामंजूर झाला तरी विकलेला मळा परत येत नाहीं. कृष्णाकांठच्या कुटुंबानें हा हिशेब आधीं करावा.