खोडदच्या जाळीत आलेले तारे

भिवंडी तालुक्यातल्या दापोड्यात गोदामांचे दिवे रात्रभर जळतात आणि दक्षिणेला ठाण्याचा झगमगाट असतो. नेमक्या त्याच दिशेला, मे महिन्यात, क्षितिजापासून जेमतेम 23 अंशांवर ओमेगा सेंटॉरी येतो. सुमारे 1 कोटी ताऱ्यांचा हा गोलाकार तारकागुच्छ 17 हजार प्रकाशवर्षांवर आहे. काळोख्या माळावरून तो नुसत्या डोळ्यांनाही धूसर ठिपक्यासारखा दिसतो. आपल्या आकाशगंगेने गिळलेल्या एखाद्या बटू दीर्घिकेचा हा उरलेला गाभा असावा, असे अनेक संशोधक मानतात.

गुच्छ आणि बटू दीर्घिका यांत ताऱ्यांची संख्या कधी कधी सारखीच भरते. पण गुच्छातल्या ताऱ्यांच्या गतीचा हिशोब त्यांच्याच वजनात बहुतांशी जुळतो. बटू दीर्घिकेत तो जुळत नाही, तिथे न दिसणारे कृष्णद्रव्य धरावेच लागते. या दोन्हींवर मोलाचे काम झाले ते माळशेज घाटापलीकडे, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला.

त्या परिसरात खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 तबकड्या, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या. जवळ गेले की कळते, पत्रा कुठेच नाही. अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड अशा पोलादी तारांची जाळी दोरांवर ताणली आहे. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि खर्च कमी. रेडिओ लहरी मात्र त्या भोकांतून निसटत नाहीत, कारण त्यांची लांबी भोकांपेक्षा कितीतरी मोठी असते.

या जाळीत 2004 मध्ये एनजीसी 1851 या गुच्छातला एक पल्सार, म्हणजे गिरक्या घेत रेडिओ स्पंद सोडणारा न्यूट्रॉन तारा, सापडला. पाउलो फ्रेरे, यशवंत गुप्ता आणि सहकाऱ्यांचा हा शोध. जीएमआरटीने शोधलेला तो पहिलाच पल्सार. सेकंदाला 200 गिरक्या, 18.8 दिवसांची कक्षा, आणि ती विलक्षण लांबोळकी. इतक्या वेगाने फिरणाऱ्या पल्साराची कक्षा एरवी जवळपास गोल असते. गुच्छाच्या दाटीत त्याचा जुना जोडीदार सुटून दुसरा, जड जोडीदार आला असावा, हेच सर्वांत पटणारे स्पष्टीकरण. त्याच गुच्छात दक्षिण आफ्रिकेच्या मीरकॅट दुर्बिणीला सापडलेल्या दुसऱ्या एका पल्साराचा जोडीदार 2.09 ते 2.71 सूर्यांइतका भरला. न्यूट्रॉन तारा म्हणावा तर फार जड, कृष्णविवर म्हणावे तर फार हलका. 2024 मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्या गुच्छातल्या पल्सारांच्या शोधाची सुरुवात खोडदला झाली, हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हवे.

बटू दीर्घिकांची कहाणी मला अधिक भावते. आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि इगोर काराचेन्सेव्ह यांनी सप्तर्षीतल्या एनजीसी 3741 मधला हायड्रोजन 21 सेंटिमीटर तरंगलांबीवर मोजला. तो ताऱ्यांच्या पसाऱ्याच्या आठपट दूरवर पसरलेला निघाला. त्याच्या फिरण्याच्या वेगावरून कृष्णद्रव्याचे वजन काढता आले. पुढे त्यांच्या सर्वेक्षणात अशा साठाहून अधिक फिकट दीर्घिका नोंदल्या गेल्या.

हे सारे टिकून आहे ते रेडिओ शांततेवर, म्हणजे आसपासच्या यंत्रांचा रेडिओ गोंगाट नसण्यावर. पुणे–नाशिक रेल्वेची आखणीसुद्धा या दुर्बिणीपायी बदलावी लागली, आणि ते योग्यच झाले. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. दापोड्याच्या शाळांनी एक गाडी करून मुलांना जरूर न्यावे. आवारात मोबाइल मात्र बंद ठेवावेत.