बोटीची बॅटरी : चार्जिंग आणि निगा (नाखवा, तांडेल, खलाशी, घरची मंडळी सगळ्यांनी वाचा)



बंदी उठायला आठवडा राहिला की बंदरावर एकच धावपळ असते. जाळी शिवून झालेली, इंजिनाचं ऑइल बदललेलं, रंग लागलेला, डिझेल-बर्फाची सोय लागलेली. मग बोट पाण्यात उतरवून चावी फिरवायची आणि ‘टक’ असा एकच आवाज! सेल्फ फिरत नाही. दोन महिने कोपऱ्यात पडलेली बॅटरी उतरलेली असते.

बंदरात हे झालं तर फार तर एक दिवस आणि थोडे पैसे जातात. पण हेच रात्री खोल दर्यात झालं तर? इंजिन सुरू होत नाही, दिवे जातात, जीपीएस काळा पडतो आणि वायरलेसही बंद. मोठ्या जहाजाला आपली होडी दिसत नाही आणि आपल्याला कोणाला हाक मारता येत नाही. म्हणून बॅटरी ही इंजिनाची एक वस्तू म्हणून बघू नका, ती लाइफ जॅकेटच्या रांगेतली वस्तू आहे.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. बॅटरी अर्धवट उतरलेली असली तरी वायरलेसवर ऐकू येतं, कारण ऐकायला अर्धा-एक अँपिअर पुरतो. पण बोलायला बटण दाबलं की पंचवीस वॅटचा सेट पाच-सहा अँपिअर ओढतो. कमजोर बॅटरी त्या क्षणी खाली बसते आणि सेट बंद पडतो. ‘सेट चालू आहे, आवाज येतोय’ म्हणजे आपलं बोलणं जाईल, असं नाही. निघण्यापूर्वी सोळा नंबरच्या चॅनेलवर कान ठेवा, दुसऱ्या बोटीशी दुसऱ्या चॅनेलवर बोलून बघा.

बॅटरी भरलेली आहे की नाही, कसं ओळखायचं?

बोटीवर बहुतेक ठिकाणी शिशाची, ऍसिडवाली बॅटरी असते. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. छोटा डिजिटल मीटर घेऊन ठेवा, महाग नसतो. इंजिन आणि चार्जर बंद करून चार-पाच तास बॅटरी तशीच राहू द्या, मग मोजा :

• १२.६ किंवा जास्त : पूर्ण भरलेली
• १२.४ : साधारण पाऊण
• १२.२ : अर्धी
• १२.० : पाव
• ११.८ च्या खाली : रिकामी

चोवीस व्होल्टची जोडणी असेल तर हे आकडे दुप्पट धरा. चार्जिंगवरून काढल्या काढल्या मोजलं तर आकडा खोटा, जास्तच दिसतो.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक सेल तपासा. भरलेल्या बॅटरीत काटा कंपनीप्रमाणे १.२४० ते १.२६५ च्या आसपास दिसतो. सहापैकी पाच सेल बरोबर आणि एक फार खाली (०.०५० पेक्षा जास्त फरक), तर तो सेल गेला असं समजा. अशी बॅटरी चार्ज करून बंदरात चालल्यासारखी वाटेल, पण दर्यात दगा देईल.

बॅटरी मरते कशाने?

बहुतेक बॅटऱ्या म्हाताऱ्या होऊन मरत नाहीत, आपण त्यांना मारतो.

पहिलं कारण : उतरलेली बॅटरी तशीच ठेवणं. बॅटरी उतरते तेव्हा आतल्या प्लेटांवर एक पांढरट थर धरतो. लगेच चार्ज केली की तो थर परत विरघळतो. पण आठवडे तशीच ठेवली तर तो थर कडक होतो, मग कितीही चार्ज करा, निघत नाही. म्हणून ‘उद्या परत जायचंच आहे, तेव्हा इंजिन चार्ज करेल’ असं म्हणू नका.

दुसरं कारण : पार तळापर्यंत वापरणं. सेल्फची साधी बॅटरी एका झटक्यात भरपूर करंट देण्यासाठी बनवलेली असते. तिच्यावर रात्रभर दिवे चालवले तर थोड्याच दिवसांत ती खचते. दिव्यांसाठी जाड प्लेटांची, ट्युब्युलर किंवा डीप सायकल बॅटरी घ्या. तीही शक्यतो अर्ध्याच्या खाली नेऊ नका.

तिसरं कारण : उष्णता. इंजिनाला चिकटून, सायलेन्सरच्या बाजूला ठेवलेली बॅटरी लवकर जाते आणि तिचं पाणीही भराभर आटतं.

चौथं कारण आपल्या धंद्याचं : खारी हवा. टर्मिनलवर हिरवा-पांढरा मळ चढला की करंट अडतो. बॅटरी चांगली असूनही सेल्फ फिरत नाही आणि आपण नवी बॅटरी आणतो!

एका रात्रीचा हिशोब

हा हिशोब प्रत्येक नाखवाने एकदा तरी करावा. वॅटला बाराने भागलं की अँपिअर मिळतात. त्याला तासांनी गुणलं की बॅटरीतून किती गेलं ते कळतं.

समजा एलईडीचे दिशादर्शक दिवे मिळून १० वॅट, जीपीएस आणि फिशफाइंडर २० वॅट, वायरलेस ऐकण्यापुरता ६ वॅट, केबिनचा दिवा ९ वॅट. एकूण ४५ वॅट. भागिले १२ म्हणजे पावणेचार अँपिअर. दहा तासांची रात्र धरली तर साडेसदतीस अँपिअर-तास. शंभर अँपिअर-तासाच्या बॅटरीतून पन्नासपर्यंत काढणं ठीक, म्हणजे आपण सुखरूप आहोत.

आता त्याच बोटीवर एलईडीऐवजी जुने २५ वॅटचे तीन बल्ब लावा. १० च्या जागी ७५ वॅट झाले. एकूण ११०. दहा तासांत सुमारे ९२ अँपिअर-तास! पहाटे बॅटरी रिकामी. फरक फक्त तीन बल्बांचा. शिवाय मोबाइल चार्जर, छोटा इन्व्हर्टर, गाणी हे सगळं यात वाढवा. आकडे प्रत्येक बोटीचे वेगळे, तुमच्या वस्तूंवर लिहिलेले वॅट बघून मांडा.

(इथे आपण चालण्याचे आणि कामाचे दिवे म्हणतोय. एलईडीचा प्रकाश पाडून मासेमारी करण्यावर २०१७ पासून बंदी आहे, ते विसरू नका.)

दोन बॅटऱ्या, दोन कामं

सेल्फसाठी एक आणि दिवे-वायरलेससाठी वेगळी, ही सगळ्यात चांगली सोय. रात्री दिव्यांची बॅटरी उतरली तरी सकाळी इंजिन सुरू होतं. मध्ये सिलेक्टर स्विच बसवता येतो. पण इंजिन चालू असताना तो स्विच ‘बंद’वर कधीही नेऊ नका, आल्टरनेटरचे डायोड उडतात.

चोवीस व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. त्यातल्या एकीवरून बारा व्होल्टचा वायरलेस किंवा दिवा घेण्याची खोड बऱ्याच बोटींवर आहे. त्याने एक बॅटरी उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होते, शेवटी दोन्ही जातात. त्यासाठी चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर बसवा. बदलायच्या तर दोन्ही एकदम बदला. जुनीसोबत नवी जोडली तर जुनी नवीला खाली ओढते.

चार्जिंग करताना

इंजिन चालू असताना टर्मिनलवर मीटर लावा. १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे (चोवीसला दुप्पट). १३.५ च्या खाली राहत असेल तर पट्टा सैल आहे का, वायर खाल्ली आहे का, आल्टरनेटर ठीक आहे का ते बघा. १५ च्या आसपास जात असेल तर रेग्युलेटर बिघडलाय, बॅटरी उकळून पाणी आटेल.

किनाऱ्यावर चार्जर लावताना बॅटरीच्या दहा टक्के करंट धरा : शंभरला दहा अँपिअर. घाईने जास्त करंट देऊ नका. आणि एक गैरसमज : तासभर इंजिन चालवलं की बॅटरी भरली असं होत नाही. शेवटचा वीस टक्के भाग फार हळू भरतो. चाळीस अँपिअर-तास गेले असतील तर दहाच्या चार्जरला पाच-सहा तास द्या.

पाणी टाकायचं ते डिस्टिल वॉटरच. विहिरीचं नाही, बिसलरी नाही, आणि ऍसिड तर अजिबात नाही. पाणी चार्जिंग झाल्यावर टाका, कारण चार्ज होताना पातळी वर येते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी त्या बुडतील एवढं टाका.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये एक-दोन मिनिटं थांबा. इंजिन डिझेल घेत नसेल तर बॅटरी संपवून ते घेणार नाही.

जिवाची काळजी

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. बंद केबिनमध्ये तो साठला आणि ठिणगी पडली की स्फोट होतो. म्हणून बिडी-काडी नको, हवा खेळती ठेवा, चार्जर बंद करून मगच चिमटे काढा.

बॅटरीची पेटी घट्ट बांधलेली आणि बिल्जच्या पाण्यापासून उंच पाहिजे. खारं पाणी बॅटरीत शिरलं तर क्लोरिन वायू तयार होतो, तो छाती जाळतो. असा उग्र वास आला तर सगळ्यांनी मोकळ्या हवेत यावं.

वायर काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. पॉझिटिव्हच्या वायरवर बॅटरीजवळच फ्यूज असू द्या. ऍसिड डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा. खायचा सोडा फक्त फळीवर, टर्मिनलवर सांडलेल्या ऍसिडसाठी, डोळ्यासाठी नाही.

बंदीच्या दिवसांत

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस बोटी बंद. हीच बॅटरी मरण्याची वेळ.

१. बोट ओढली की बॅटरी पूर्ण चार्ज करा.
२. वायरी काढून घरी आणा. कोरड्या, सावलीच्या, पोरांचा हात न पोचणाऱ्या जागी ठेवा.
३. टर्मिनल कोमट पाणी आणि सोड्याने ब्रशने घासा. सोड्याचं पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. वाळवून ग्रीस किंवा व्हॅसलीन लावा.
४. महिन्यातून एकदा मीटर लावा आणि चार्ज करा. नुसती ठेवलेली बॅटरीही हळूहळू उतरते.

‘फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते’ असं जुनी माणसं सांगतात. जुन्या काळच्या रबर-लाकडाच्या पेट्यांना ते लागू असेल, आजच्या प्लास्टिकच्या पेटीला नाही. उतरते ती न बघितल्यामुळे. हे काम घरच्या बायका-पोरं पण सहज करू शकतात, कॅलेंडरवर खूण करा.

तलाव-धरणावरच्या भावांसाठी

आपल्या पानावर किनाऱ्यावरचे नाखवा आहेत तसे सौंसर-पांढुर्ण्याकडचे, कन्हान आणि जाम नदीच्या पट्ट्यातले मासेमार भाऊही आहेत. तुमच्या डोंग्यावर इंजिन नाही, आल्टरनेटर नाही, रात्री जाळं बघायला एक दिवा आणि एक छोटी सीलबंद बॅटरी. नियम तेच, आकडे लहान.

बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासाच्या बॅटरीतून साडेतीन काढा. पाच वॅटचा एलईडी त्यावर आठ तास चालतो. पण ही बॅटरी गॅरेजच्या मोठ्या चार्जरला लावू नका, फुगून मरेल. तिला पाऊण-एक अँपिअरचा छोटा चार्जर लागतो. सोलर पॅनेल लावायचं तर मध्ये कंट्रोलर पाहिजेच. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट बंद ऋतू असतो, तेव्हा वरचेच चार नियम पाळा. दिवा बंद पडलेला डोंगा रात्री धरणाच्या पाण्यात तेवढाच धोक्यात असतो.

शेवटचं

मेलेली बॅटरी घरी फोडू नका. त्यातलं शिसं पोरांच्या अंगात जातं, ऍसिड जमिनीत मुरतं. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या, तिचे पैसेही मिळतात.

दर फेरीला निघण्यापूर्वी दोन मिनिटांची तपासणी : मीटरचा आकडा, टर्मिनल घट्ट, पाण्याची पातळी, दिवे, वायरलेसवर बोलून बघणे. संकटात तटरक्षक दलाचा नंबर १५५४, तो केबिनमध्ये मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पण मोबाइलला खोल दर्यात रेंज नसते, तिथे वायरलेसच कामाला येतो, आणि वायरलेस बॅटरीवर चालतो.

तुमच्या बोटीवर कोणती बॅटरी किती वर्षं टिकली, काय अडचण आली ते खाली लिहा, म्हणजे दुसऱ्याला उपयोग होईल. आणि हा मजकूर तुमच्या तांडेलाला नक्की पाठवा.