परक्या घरी कामास राहणारी मुलगी



पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांतून अलीकडे एक नवी व्यक्ती वावरताना दिसते. ती घरातली नव्हे, पाहुणी नव्हे, आणि जुन्या अर्थाने मोलकरीणही नव्हे. मोलकरीण भांडी घासून आपल्या घरी जाते; ही रात्री तेथेच निजते. पतिपत्नी दोघेही नोकरीस जाणारी असली म्हणजे तान्हे मूल सांभाळावयास, किंवा अंथरुणास खिळलेल्या वडीलधाऱ्या माणसापाशी बसावयास, चोवीस तास कोणीतरी हवे असते. अशी मुलगी बहुधा दूरच्या जिल्ह्यातून येते. आमच्या धाराशिव जिल्ह्यातूनही येते. भूम, परंडा, कळंब, वाशी हे पावसाच्या लहरीवर जगणारे तालुके. तेथून ऊसतोडीच्या टोळ्या पूर्वीपासून बाहेर जात आल्या आहेत, आता त्याच वाटेने शहरातील घरांकडे मुली जातात. ही दोन घरे एकमेकांस ओळखत नाहीत. त्यांची गाठ घालून देणारा तिसरा असतो. त्यास एजन्सी म्हणतात, कोणी ब्यूरो म्हणतात. या तिघांनी परस्परांशी कसे वागावे, याविषयी आज बोलावयाचे आहे.

परक्या घरी राहून वाढणे आपल्याकडे नवे नाही. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असत. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरे, असे सात दिवसांचे सात यजमान. या पद्धतीत अवमानाचे प्रसंग पुष्कळ येत; तथापि तिच्यात एक शहाणपण होते, तिकडे सहसा कोणाचे लक्ष गेलेले नाही. मुलगा सात घरांत वाटलेला असल्यामुळे कोणतेही एक घर त्याचे मालक होत नसे. बुधवारच्या काकूंनी शिळे वाढले तरी गुरुवार उजाडतच असे. आज कामास राहणाऱ्या मुलीचे नेमके याच्या उलट आहे. तिचे अन्न, तिचे छप्पर, तिचा पगार, तिची अब्रू आणि पुढील नोकरीसाठी लागणारा चांगुलपणाचा शब्द, ही पाचही एकाच घराच्या हाती असतात. ते घर कितीही सज्जन असो, इतकी सत्ता एका हाती असणे बरे नव्हे. तेव्हा त्या सत्तेस कोठे कोठे फट पाडावी, हाच या विषयातील खरा प्रश्न आहे.

यजमानीणबाई येथे हटकून म्हणतात, ‘आम्ही तिला अगदी घरच्यासारखी वागवतो.’ हा शब्द प्रेमाने उच्चारला जातो याविषयी मला शंका नाही. परंतु घरची मुलगी ‘आज मला कंटाळा आला आहे’ असे म्हणू शकते. रात्री दहाला चहा सांगितला तर नाक मुरडू शकते. कामाच्या मुलीस ही मुभा नसते. मग घरच्यासारखी म्हणून तिच्या वाट्यास काय येते? वेळेचे बंधन नाही, सुटीचा हिशेब नाही, ‘आपलेच घर आहे’ म्हणून पगाराची तारीखही नाही! आपल्या जुन्या वाड्यांतून आश्रित म्हणून राहिलेल्या विधवा आत्याबाईंचे आयुष्य ज्यांनी पाहिले आहे त्यांस मी अधिक सांगावयास नको.

युरोपात हाच पेच दुसऱ्या नावाने प्रसिद्ध आहे. तेथे परदेशातील तरुण मुलगी एखाद्या कुटुंबात वर्षभर राहते, मुले सांभाळते, आणि त्या बदल्यात अन्न, निवारा, हातखर्च व भाषा शिकण्याची सवड मिळविते. तिला ‘ओ पेअर’ म्हणतात. या फ्रेंच शब्दांचा अर्थ ‘बरोबरीने’ असा आहे. २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबुर्ग येथे याविषयी एक करार झाला. त्यात मोकळेपणाने मान्य केले आहे की, ही मुलगी निव्वळ विद्यार्थिनी नव्हे आणि निव्वळ कामगारही नव्हे. दोहोंची लक्षणे असलेला हा निराळाच वर्ग आहे. आणि मग भावनेवर काहीएक न सोपवता कलमे घातली: लेखी करारपत्र; दिवसास पाच तासांहून अधिक काम नाही; आठवड्यास एक पूर्ण दिवस मोकळा, व महिन्यातून निदान एक मोकळा दिवस रविवारचा; शक्य असेल तेथे स्वतंत्र खोली; आजारपणाचा विमा. थोड्याच राष्ट्रांनी हा करार पक्का केला, तरी त्याचा वळसा पुष्कळ ठिकाणी दिसतो. जर्मनीत आठवड्यास तीस तास आणि दीड दिवस सुटी असा नियम असून महिना २८० युरो हातखर्च द्यावा लागतो; एजन्सीस मुलीकडून १५० युरोंहून अधिक घेता येत नाहीत. तेथे आणखी एक मौजेचा नियम आहे. यजमान ज्या देशाचे मूळ रहिवासी, त्याच देशाची मुलगी त्यांस ओ पेअर म्हणून ठेवता येत नाही. म्हणजे म्युनिकमधील आपल्या मराठी कुटुंबास, मुलाच्या कानावर मराठी पडावे म्हणून, कळंबहून मुलगी नेता यावयाची नाही! भाषा व रीतिभाती यांची देवघेव हा हेतू. स्वस्त मोलकरीण हा नव्हे. जेथे तो हेतू लोपला असे सरकारास वाटले, तेथे ही चालच बंद झाली. नॉर्वेने मार्च २०२४ मध्ये ती बंद केली.

आपल्याकडे या कामासाठी देशव्यापी स्वतंत्र कायदा नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, अशा कायद्याचा विचार करण्यास तज्ज्ञांची समिती नेमावी, असे केंद्र सरकारास सांगितले. तोवर दोन घरांमधील कागद आणि मधला मध्यस्थ, यांवरच सर्व मदार आहे. म्हणून मध्यस्थाविषयी थोडे विस्ताराने बोलतो.

एजन्सीच्या भिंतीवर गुमास्ता परवाना टांगलेला असतो. दुकान नोंदले आहे, एवढेच तो सांगतो. दुकानदार सचोटीचा आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. ‘मुलगी पसंत पडली नाही तर अकरा महिन्यांत तीन वेळा बदलून देऊ’ असे जेथे सांगतात, तेथून मी तर उठून यावे असे म्हणेन. बदलून देण्याची भाषा मिक्सरला शोभते. शिवाय जो मध्यस्थ प्रत्येक नव्या मुलीमागे नवे कमिशन घेतो, त्यास मुलगी एके ठिकाणी सुखाने रुळावी यात कसला लाभ? चांगल्या एजन्सीची खूण अगदी साधी आहे. ती कमिशन यजमानांकडून घेते, मुलीच्या पगारातून कापीत नाही, पावती देते, आणि मुलीच्या आईबापांचा पत्ता व फोन यजमानांस, व यजमानांचा पत्ता व फोन आईबापांस, पहिल्या दिवशीच देते. ही शेवटची गोष्ट जो टाळतो त्याच्याशी व्यवहार करू नये.

माझ्या माहितीतील एका खेड्यातली मुलगी अशीच गेली. आईबापांजवळ एजंटाचा मोबाईल नंबर तेवढा होता. पगार एजंटामार्फत येई. तीन महिन्यांचे दोनच पगार पोचले. पुढे तो नंबर अकरा दिवस बंद लागला. त्या अकरा दिवसांत आपली मुलगी कोणत्या शहरात, कोणाच्या घरी आहे, हे सांगणारे कोणी नव्हते. ती सुखरूप होती. यजमान भले होते आणि आपण दिलेला पगार घरी पोचतो अशाच समजुतीत होते. दोन्हीकडची माणसे चांगली, आणि मधे अंधार. पगार मुलीच्या स्वतःच्या बँक खात्यात भरला असता, तर यातले काही घडले नसते.

दुसरी गोष्ट उचल. ऊसतोडीत मुकादम हंगामापूर्वी उचल देतो आणि ती फिटेपर्यंत जोडपे बांधलेले राहते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरास ठाऊक आहे. आता कित्येक एजंट मुलीच्या बापास तशीच रक्कम हातावर ठेवतात. पैसे बापाने घ्यावयाचे आणि फेडावयाचे मुलीने! यजमानांनी एजंटास स्पष्ट विचारावे, ‘हिच्या घरी काही उचल दिली आहे काय?’ आणि मुलीसही एकटीला विचारावे. उचलीपायी काम सोडता येत नसेल तर ती वेठबिगारी होय. १९७६ च्या कायद्याने तिला बंदी आहे, आणि अशा मजुरीवर चढविलेले कर्ज फेडण्याचे बंधन राहत नाही.

तिसरी गोष्ट वयाची. चौदा वर्षांखालील मुलांस घरकामास ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून मनाई आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्याबद्दल सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. चौदा ते अठरा या वयास कायदा सरसकट अडवीत नाही. माझे मत विचाराल तर, रात्रंदिवस परक्या घरी राहावयाच्या कामास अठरांच्या आतली मुलगी घेऊच नये. तिचे स्थान शाळेत आहे. वय पाहण्यास आधार कार्डाबरोबर शाळा सोडल्याचा दाखलाही मागावा. आम्हां मास्तर मंडळींनी एके काळी निम्म्या गावाची जन्मतारीख एक जून लिहून ठेवली हे खरे. परंतु आजच्या मुलींचे दाखले जन्मनोंदीवरून झालेले असतात व ते विश्वसनीय आहेत. दाखले पाहून परत द्यावेत. ते आपल्या कपाटात कुलूपबंद करून ठेवण्याचा अधिकार कोणासही नाही. पोलीस ठाण्यात तिची माहिती द्यावयाची ती जरूर द्यावी. मात्र तेथे मूळ कागद ठेवावे लागत नाहीत.

आता करारपत्र. ते मराठीत असावे, एका पानाचे असावे, त्याची एक प्रत मुलीपाशी राहावी. मूल सांभाळावयास आणलेल्या मुलीकडून हळूहळू स्वयंपाक, धुणे, आणि मग शेजारच्या वहिनींच्या घरची लादीही, असे काम वाढत जाते. म्हणून कोणते काम करावयाचे याबरोबरच कोणते करावयाचे नाही, तेही लिहावे. रात्री मूल उठत असेल तर दिवसा झोपेचे तास ठरवावेत. पगाराची तारीख, आजारपणाचा खर्च, घरी जाण्यायेण्याचे भाडे, काम सोडताना वा सोडविताना किती दिवसांची सूचना, हे सर्व त्यात यावे. आणि आठवड्याची सुटी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जून २०११ मध्ये केलेल्या १८९ व्या ठरावात सलग चोवीस तासांची साप्ताहिक विश्रांती, आणि त्या वेळात घरात थांबण्याची सक्ती नाही, असे आहे. भारताने तो ठराव अजून पक्का केलेला नाही. घरापुरता तो पक्का करण्यास कोणाची हरकत आहे? मघाशी जी फट म्हटली ती हीच. सुटीच्या दिवशी गावाकडच्या मैत्रिणीस भेटणारी मुलगी सर्वस्वी एका घराची राहत नाही. तिचा फोन तिच्यापाशीच असावा. आणि यजमान बाहेर जाताना दारास बाहेरून कुलूप घालू नये. आग लागली तर काय होईल, एवढा विचार पुरे.

वर्षाच्या रजांतही तिच्या गावचा पंचांग पाहावा. दिवाळीची रजा सर्वच देतात. पण मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, आमच्या बोलीत येळवस, तिकडे कोणास ठाऊक नसते. त्या दिवशी आमच्याकडे सारे घर शेतात जेवावयास जाते. चैत्रात येरमाळ्याच्या येडाईची यात्रा, आश्विनात तुळजापूरचे नवरात्र. या तिहींपैकी एखादा दिवस तिने मागितला तर तो लाड समजू नये.

जेवणाचे तसेच. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या पोरीस दोन पातळ पोळ्यांनी काय होते? ती संकोचाने ‘झालं’ म्हणते आणि अर्धपोटी उठते. पहिल्या आठवड्यात तिला स्वतःच्या हाताने वाढून घेऊ द्यावे. तिचे ‘करायलो’, ‘जायलो’ ऐकून मुले हसतात. आईनेही हसू नये. मुलांनी तिला ताई म्हणावे, नुसत्या नावाने हाक मारू नये. आणि तिचे अंथरूण दिवाणखान्यात, येण्याजाण्याच्या वाटेवर नसावे; आतून कडी लागणारी जागा मिळावी, मग ती कितीही लहान असो.

ही कडीची गोष्ट मी उगाच काढली नाही. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात राहते घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे. घरकाम करणाऱ्या स्त्रीस जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. मुलीस निघण्यापूर्वी घरच्यांनी तीन आकडे पाठ करून घ्यावेत: ११२ पोलिसांचा, १८१ महिलांच्या मदतीचा, आणि अठरांच्या आतील मुलांसाठी १०९८. नोंदणीचेही पाहावे. महाराष्ट्रात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे, तेथे अठरा ते साठ वयाच्या कामगारांची नोंद होते. ई-श्रमची नोंदणी ऑगस्ट २०२१ पासून चालू झाली. यजमानांनी एक सकाळ खर्चून दोन्ही करून द्यावीत.

कोणी परदेशी घरकामाचे बोलू लागला तर त्याची परीक्षा निराळी. १९८३ च्या कायद्याप्रमाणे नोंदलेल्या भरती एजंटाचा क्रमांक मागावा व तो सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर ताडून पाहावा. आखाती देशांत घरकामास जाणाऱ्या स्त्रीचे वय निदान तीस असावे लागते. विशीतल्या मुलीस ‘पर्यटनाच्या व्हिसावर जा, मग पाहू’ असे जो सांगतो, तो तिला कायद्याच्या आश्रयाबाहेर नेत असतो. जर्मनीस ओ पेअर म्हणून जाणारीस तेथील यजमानांचे करारपत्र आणि भाषेची प्राथमिक परीक्षा लागते. पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात ती देता येते. वयाची सत्तावीस वर्षे पुरी होण्यापूर्वी अर्ज करावा लागतो.

राहता राहिले काम संपण्याचे. मूल शाळेत जाऊ लागते, आजोबा बरे होतात किंवा निवर्ततात, आणि एके दिवशी मुलगी नकोशी होते. सूचनेची मुदत पाळावी. हिशेब तिच्यासमोर लिहून, रक्कम खात्यात भरून, तिच्या आईस स्वतः फोन करावा. दोन ओळींचे प्रशस्तिपत्र द्यावे, कारण पुढच्या घरी तिला एजंटाची गरज कमी भासेल ती त्या दोन ओळींमुळेच. आणि रात्रीच्या एस. टी.त बसवून द्यावयाचे तर गाडी कोणत्या गावी किती वाजता पोचते आणि तेथे तिला घ्यावयास कोण येणार आहे, हे आधी विचारून घ्यावे; आमच्याकडच्या फाट्यांवर पहाटे चारला रिक्षा मिळत नाही.