मुदत संपली नव्हती, वजाबाकी चुकली होती

आज तारखांची वजाबाकी. सोपी वाटते ना? मलाही वाटायची.

घरच्यांसाठी मी 'किती दिवस उरले' सांगणारं छोटं ॲप केलं होतं. मामेबहिणीच्या परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख होती ३१ जुलै. त्याच दिवशी सकाळी दहाला तिनं ॲप उघडलं, तर समोर 'मुदत संपली'! रडवेली होऊन तिनं मला फोन केला, म्हणून निभावलं. दुपारी फॉर्म भरला.

झालं काय होतं? जावास्क्रिप्टमध्ये तारीख म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद. '२०२४-०७-३१' अशी नुसती तारीख दिली, की ती यूटीसीची मध्यरात्र धरते, म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. दहापर्यंत साडेचार तास उलटले होते. त्यामुळे उत्तर उणे!

मग करायचं काय? दिवस मोजायचेत ना, तर घड्याळ बाजूला ठेवा. आजची आणि शेवटची, दोन्ही तारखांचं फक्त वर्ष, महिना, दिवस 'डेट डॉट यूटीसी'ला द्या. वजाबाकी करा आणि ८,६४,००,००० ने भागा. एका दिवसात तेवढे मिलिसेकंद असतात. आणि हो, इथे महिने शून्यापासून मोजतात. जुलै म्हणजे ६.

दाखवतानाही जपा. उत्तर ० आलं तर '० दिवस बाकी' नको, 'आज शेवटचा दिवस' लिहा. २ आलं तर नुसतं 'परवा' नको. आपला परवा होऊन गेलेलाही असतो! सोबत तारीख लिहाच.

भेटू पुढच्या भागात!